कॅन्सर रुग्णांसाठी दिव्यांग सवलती आणि सरकारी मदत: महाराष्ट्रातून वारंवार येणारे प्रश्न

रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. यातले बरेचसे प्रश्न पैसे भरून झाल्यावर विचारले जातात, म्हणून घाईत असाल तर आधी प्रश्न ३ आणि ७ वाचा.

१. कॅन्सर झाला म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं ना?

आपोआप मिळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि कॅन्सर त्यात नाही. आजारामुळे किंवा त्याच्या उपचारामुळे शरीराची एखादी क्षमता कायमची गेली आणि ती हानी त्या २१ प्रकारांपैकी एखाद्यात बसली, तर प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं बोर्ड तपासतं ते पाय, डोळा, कान किंवा वाचा किती काम करते हे. गाठ कुठल्या स्टेजची होती, याला तिथे महत्त्व नसतं. कोणत्या परिस्थितीत मिळतं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

२. मग प्रमाणपत्र नसेल तर काहीच मिळणार नाही का?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. मदतीला दोन वेगळी दारं आहेत. एक आजाराच्या नावाने उघडतं: मोफत उपचार, मुख्यमंत्री निधी, संजय गांधी निराधार योजना, रेल्वेची सवलत, आयकरातली एक वजावट. तिथे बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र चालतं. दुसरं दार टक्क्यांवर उघडतं आणि तिथे बहुतेक ठिकाणी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. कॅन्सरच्या बहुतेक घरांना पहिल्याच दाराची गरज असते, पण कुणीतरी सांगितलं म्हणून ती दिव्यांग बोर्डाच्या रांगेत महिने घालवतात. तोवर उपचार अर्ध्यावर आलेले असतात.

३. परवाच निदान झालंय. सगळ्यात आधी काय करायचं?

रुग्णालयात पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात त्यांचं टेबल असतं, बहुधा केसपेपरच्या खिडकीजवळ. रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट बरोबर न्या. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात आणि कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन तिन्ही त्यात आहेत. उपचार सुरू होण्याआधी रुग्णालय योजनेकडून मंजुरी घेतं, म्हणूनच हे काम पहिलं करायचं. रुग्णालय योजनेत आहे की नाही हे १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारता येतं.

त्याच दिवशी एक फाइल करा. बायोप्सीचा रिपोर्ट, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं निदानाचं पत्र, खर्चाचं अंदाजपत्रक, आधार, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुकाचं पहिलं पान. प्रत्येकाच्या पाच-सहा झेरॉक्स काढा. मूळ बायोप्सी रिपोर्ट कुणालाही देऊन टाकू नका, दाखवून परत घ्या.

४. आमचं रेशन कार्ड पांढरं आहे. आम्ही बसतो का?

बसता. महात्मा फुले योजना पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डांपुरती होती. २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि दीड लाखाची मर्यादा ५ लाखांवर गेली. रुग्णाचं वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवा. तिथे उत्पन्नाची अट नाही.

५. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध योजनेत बसत नाही म्हणतात. आता?

योजना पॅकेजांवर, म्हणजे आधी ठरवून दिलेल्या उपचारांच्या यादीवर चालते आणि सगळी औषधं पॅकेजात नसतात. नवी, महागडी इंजेक्शनं बऱ्याचदा बाहेर राहतात. आधी डॉक्टरांना सरळ विचारा की पॅकेजातल्या औषधाने उपचार होण्यासारखा आहे का. विचारण्यात लाज नाही, आणि कित्येकदा उत्तर 'हो' असतं.

ते शक्य नसेल तर रुग्णालय धर्मादाय आहे का ते बघा. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. चकाचक लॉबी आणि कॉफीचं दुकान असलेली कित्येक मोठी रुग्णालयंही कागदोपत्री धर्मादाय ट्रस्टचीच असतात, तेव्हा इमारत बघून मागे फिरू नका. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा आणि अर्ज लेखी द्या. 'खाटा शिल्लक नाहीत' असं उत्तर आलं तर तेही लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा. लेखी मागितल्यावर खाट सापडते, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

उरलेल्या रकमेसाठी मुख्यमंत्री निधी, पुढचा प्रश्न.

६. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी मंत्रालयात जावं लागतं का?

नाही. अर्ज ऑनलाइन जातो आणि जिल्हाधिकारी कार्यालयात यासाठी कक्षही आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,६०,००० रुपयांच्या आत लागतं. महात्मा फुले, आयुष्मान किंवा धर्मादाय योजनेतून उपचार होत नसतील तेव्हा हा निधी आहे, त्यामुळे ती दारं बंद असल्याचं दाखवता यायला हवं.

अर्ज अडकतो तो बहुधा दोन कागदांवर. खासगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं, नुसतं रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं चालत नाही. आणि रुग्ण दाखल असल्याचा जिओ टॅग फोटो लागतो, म्हणजे ठिकाण आणि वेळ उमटलेला. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जमा होतात, तुमच्या नाही. पूर्ण खर्च निघत नाही, मदत ठरावीक टप्प्यांत मिळते.

केंद्राकडे पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी आहे. खासदारांचं पत्र जोडलं तर बरं. दारिद्र्यरेषेखालील रुग्ण प्रादेशिक कर्करोग केंद्रात उपचार घेत असेल तर राष्ट्रीय आरोग्य निधीतला आरोग्यमंत्री कर्करुग्ण निधीही आहे. मुंबईचं टाटा रुग्णालय आणि नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय अशा केंद्रांत मोडतात. कर्करुग्ण निधीचा अर्ज उपचार देणाऱ्या रुग्णालयातूनच पुढे सरकतो, तेव्हा तिथल्या समाजसेवा विभागात विचारा.

७. दागिने मोडून चार लाख भरले. सगळी बिलं जपून ठेवलीत. आता योजनेतून परत मिळतील का?

मिळणार नाहीत. महात्मा फुले योजना, मुख्यमंत्री निधी, पंतप्रधान निधी यांपैकी कुणीही आधी भरलेल्या बिलाची भरपाई करत नाही. पुढच्या केमोसाठी, पुढच्या रेडिएशनसाठी मात्र आजही अर्ज करता येतो, आणि तो आजच करा. जुनी बिलं वाया जात नाहीत: खासगी आरोग्य विमा, सरकारी नोकराची वैद्यकीय प्रतिपूर्ती आणि आयकर (प्रश्न १७) या तीन ठिकाणी ती लागतात.

८. घरातला कमावता माणूसच आजारी पडलाय. दरमहा काही मिळतं का?

संजय गांधी निराधार अनुदान योजना बघा, ज्याला गावात 'निराधारचा पगार' म्हणतात. अनाथ, विधवा, दिव्यांग यांच्याबरोबरच क्षय, पक्षाघात, कर्करोग अशा दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणारे स्त्री-पुरुष, असं या योजनेत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे कॅन्सर इथे नावाने आहे आणि दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. हे तलाठ्यालाही कधीकधी सांगावं लागतं.

रक्कम महिना १,५०० रुपये. वय ६५ च्या आत आणि राज्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. ६५ च्या पुढे श्रावणबाळ योजना आहे. आजारपणाचा दाखला सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचा हवा. खासगी डॉक्टरांचे कागद दाखवून तो करून घेता येतो. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रातून.

खरी अडचण उत्पन्नाच्या मर्यादेची आहे: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. महिन्याला जेमतेम पावणेदोन हजार! आजच्या मजुरीच्या दरात हा आकडा हास्यास्पद आहे, पण नियम तोच आहे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे आणि त्यांचं अनुदानही २,५०० रुपये झालं आहे. त्यामुळे प्रश्न १२ मधल्या कुठल्या प्रकारात तुम्ही बसत असाल, तर याच योजनेत दिव्यांग म्हणून अर्ज करणं जास्त फायद्याचं ठरतं.

मंजुरीनंतर पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. दरवर्षी हयातीचा दाखला दिला नाही तर बंद पडतात.

९. आईला लाडकी बहीणचे पैसे मिळतात. निराधारचेही मिळतील का?

दोन्ही नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळणारी महिला लाडकी बहीणसाठी अपात्र ठरते. नुसते १,५०० च्या जागी १,५०० येणार असतील तर धावपळ कशाला? दिव्यांग म्हणून २,५०० मिळण्याची शक्यता असेल तर मात्र बदलणं योग्य.

१०. रेल्वेच्या तिकिटात कॅन्सर रुग्णाला किती सूट आहे?

स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण सूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के, सेकंड एसी आणि फर्स्ट एसीत ५० टक्के. सोबत्यालाही हीच सूट, फक्त स्लीपर आणि थर्ड एसीत त्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयातून रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातला फॉर्म घ्यायचा आणि आरक्षण खिडकीवर द्यायचा. सूट उपचाराच्या किंवा तपासणीच्या प्रवासालाच आहे, घर ते रुग्णालय आणि परत. लग्नाला जाताना ती लागू नाही. दिव्यांग प्रमाणपत्राचा इथे संबंध नाही.

रुग्णालयातून निघतानाच पुढच्या तारखेचा फॉर्म भरून घ्या. एका सहीसाठी कुणीतरी पुन्हा सहाशे किलोमीटर जाऊ शकत नाही. मुंबईत लोकलच्या दिव्यांग डब्यातून कॅन्सर रुग्णांना प्रवास करता येतो. केसपेपर जवळ ठेवा, कारण वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला डब्यातलेच लोक हटकतात.

११. आणि एसटीत?

कर्करुग्णांसाठी सवलत आहे, आगारात कागद दाखवून चौकशी करा. तसं बायकांना ५० टक्के आणि ७५ वर्षांवरच्यांना पूर्ण मोफत प्रवास आधीपासून आहेच, त्यांना नवा कागद लागत नाही.

१२. कोणत्या कॅन्सरमध्ये दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं?

हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय किंवा हात काढावा लागला, मणक्यातल्या गाठीमुळे पाय लुळे पडले, मेंदूच्या गाठीनंतर एक बाजू गेली, तर अस्थिव्यंग या प्रकारात. स्वरयंत्र काढलं असेल तर वाचादोषात, आणि इथे वाद घालायची गरजच नाही, कारण कायद्याच्या व्याख्येतच स्वरयंत्र काढण्याचा उल्लेख आहे.

आपल्याकडे सर्वाधिक विचारणा तोंडाच्या कॅन्सरची. जीभ किंवा जबडा कापल्यावर बोलणं कळेनासं झालं असेल तर तेही वाचादोषात तपासलं जातं. बोर्डापुढे जाण्याआधी वाचा-उपचारतज्ज्ञांचा अहवाल घ्या आणि तपासणीच्या वेळी रुग्णालाच बोलू द्या. घरच्यांना त्याचं बोलणं कळतं, म्हणून ते पटकन मध्ये पडून अर्थ सांगतात. कोऱ्या कानाला ते किती कळतं हे डॉक्टरांना ऐकायचं असतं. चेहऱ्याच्या विद्रूपतेचे मात्र टक्के मिळत नाहीत. कायद्यात विद्रूपता फक्त ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी धरली आहे. अन्याय आहे, पण आजची स्थिती ही आहे.

लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरमध्ये एक डोळा काढला आणि दुसरा चांगला असेल, तर ३० टक्के धरतात. ४० ची रेघ तिथे गाठली जात नाही. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने कधीकधी ऐकू येणं कमी होतं, पण प्रमाणपत्रासाठी दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत किमान ६० डेसिबलची हानी लागते. या औषधाचा मार बहुधा वरच्या पट्टीवर बसतो. त्यामुळे त्रास खरा असूनही टक्के कमी येतात.

१३. ब्लड कॅन्सर 'रक्ताचे विकार' यात येतो ना? आणि स्तन काढला असेल तर?

दोन्हींचं उत्तर नाही. त्या गटात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल एवढेच आजार आहेत. स्तन काढणं हा स्वतंत्र प्रकार नाही. शस्त्रक्रियेनंतर खांदा वर जात नसेल, हाताला सूज येऊन पकड गेली असेल, तर हाताच्या कमजोरीसाठी तपासणी मागता येते. शौचाची पिशवी बसवलेल्यांसाठीही कायद्यात वेगळा प्रकार नाही. या सगळ्यांनी प्रश्न २ मधल्या पहिल्या दारावरच जोर द्यावा.

१४. प्रमाणपत्र कुठे आणि कधी काढायचं?

स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात होते आणि प्रमाणपत्राबरोबर वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी कार्ड मिळतं. शुल्क नाही. घाई करू नका: उपचार चालू असताना गेलात तर सुधारणेची शक्यता धरून तात्पुरतं प्रमाणपत्र देतात किंवा नंतर या म्हणतात. अवयव काढला असेल तर थांबण्याचं कारण नाही.

१५. बोर्डाने ३५ टक्के दिले. काही करता येतं का?

अपील करता येतं, तशी तरतूद कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे. पण नवा कागद नसताना अपील केलं तर तोच आकडा परत येतो. आधी तज्ज्ञाचा ताजा अहवाल घ्या. एकाहून जास्त क्षमता गेल्या असतील, समजा वाचा आणि खांदा, तर दोन्ही तपासल्या गेल्या का ते बघा. बऱ्याचदा अर्जात एकच लिहिलेली असते.

१६. नोकरी आहे, पण रजा संपत आली. काय करू?

पगार २१,००० पर्यंत आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर तुमच्या हातात मोठी गोष्ट आहे, आणि ती बहुतेक कामगारांना माहीतच नसते. साध्या आजारपणात ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो. कॅन्सर मात्र दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने विस्तारित आजारपण लाभ लागू होतो: पगाराच्या ८० टक्के, कमाल दोन वर्षांपर्यंत. किमान दोन वर्षांची विमाधारक नोकरी आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असाव्या लागतात. म्हणून राजीनामा देण्याआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन या. 'राजीनामा द्या, नंतर बघू' असं मालक म्हणाला तरी सही करू नका.

पीएफमधून आजारपणासाठी पैसे काढता येतात. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर ईपीएस, म्हणजे पीएफला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेतून पेन्शनही आहे, त्याला दहा वर्षं सेवेची अट नाही. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर दिव्यांग कायद्याच्या कलम २०(४) प्रमाणे कामावरून काढता येत नाही आणि हुद्दाही कमी करता येत नाही. झेपेल असं दुसरं काम द्यावं लागतं. खासगी नोकरीला हे कलम लागू नाही.

१७. आयकरात ८०डीडीबी आणि ८०यू दोन्ही घेता येतात का?

येतात, कारण दोन्हींचा आधार वेगळा आहे. ८०डीडीबी ही उपचाराच्या खर्चाची वजावट: ४०,००० रुपयांपर्यंत, रुग्ण ६० वर्षांवरचा असेल तर १ लाखापर्यंत. कर्करोगतज्ज्ञांचं प्रिस्क्रिप्शन पुरतं. विमा कंपनीने किंवा मालकाने दिलेली रक्कम त्यातून वजा होते. ८०यू ही ४० टक्के दिव्यांगत्वावर मिळणारी ठरावीक वजावट: ७५,००० रुपये, ८० टक्क्यांवर १,२५,०००. खर्चाची बिलं लागत नाहीत. अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी हीच रक्कम ८०डीडी खाली मिळते. तिन्ही फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत गेला असाल तर दोन्हींचा हिशेब मांडून बघा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने पुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

१८. आई-वडिलांपैकी एकाला कॅन्सर आहे. मुलांच्या शाळेसाठी काही आहे का?

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दुर्धर आजारी पालकांच्या १८ वर्षांखालील मुलांसाठी प्रत्येकी महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, निर्णय बालकल्याण समितीचा. ही योजना कॅन्सर वॉर्डात कुणी सांगत नाही, कारण ती आरोग्य खात्याची नाही.

१९. उपचारासाठी मुंबईत महिनोन्‌महिने राहायचं कुठे?

परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरला गाडगे महाराज धर्मशाळा अल्प दरात सोय करतात. कॅन्सरग्रस्त लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड केंद्रांत मोफत राहता येतं. जागा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाच्या चिठ्ठीवर मिळतात आणि पटकन भरतात. पहिल्या भेटीतच नाव लावा.

२०. एक जण पाच हजारांत सगळं करून देतो म्हणतोय. देऊ का?

नको. वरच्या कुठल्याही योजनेच्या मंजुरीसाठी मध्यस्थ लागत नाही. सेतू केंद्राचं अर्जाचं किरकोळ शुल्क वेगळं, त्याची पावती मिळते.

२१. अर्ज दोनदा परत आला, कारणही नीट सांगत नाहीत.

आधी नाव तपासा. आधारवर 'शकुंतला', रेशन कार्डावर 'शकूबाई', केसपेपरवर माहेरचं आडनाव, अशा फाइली रोज परत येतात. पहिल्याच केसपेपरवर आधारप्रमाणे नाव लिहून घ्या, कारण पुढचे सगळे रिपोर्ट त्याच नावाने छापले जातात. रुग्णाचं नाव रेशन कार्डात नसणं हे दुसरं नेहमीचं कारण. नवी सून आणि लहान बाळ यांच्या बाबतीत हमखास. तिसरं म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असणं.

हे तिन्ही ठीक असूनही नकार आला तर कारण लेखी मागा आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. महात्मा फुले योजनेची तक्रार १५५३८८ वर नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवा. निराधार योजनेसाठी तहसीलदारांकडे, तिथे हललं नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या.

२२. रुग्ण गेला तर चालू असलेलं सगळं थांबतं का?

निराधारचं अनुदान थांबतं आणि मृत्यूची माहिती तहसीलला द्यावी लागते. नंतर जमा झालेली रक्कम काढू नका, ती वसूल होते. कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल आणि गेलेली कमावती व्यक्ती १८ ते ५९ वयाची असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. अर्ज त्याच तहसील कार्यालयात. विधवा पत्नी संजय गांधी योजनेत स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते आणि मुलांचं बालसंगोपन (प्रश्न १८) एक पालक गेल्यावरही मागता येतं.